ताटाशेजारचा पेला

हैदराबादला लेकीकडे गेले की पहिल्या दिवशी माझी एक करमणूक ठरलेली असते, ती म्हणजे रिक्षात बसून दुकानांच्या पाट्या वाचणे. साड्या, मोती, बिर्याणी, पुन्हा मोती, आणि दर दोन-तीन चौकांनंतर एक पाटी हटकून दिसणार : अमुक ‘वाइन्स’, तमुक ‘वाइन्स’. देवादिकांची नावेसुद्धा त्यातून सुटलेली नाहीत. अगदी पहिल्या खेपेला मी जावयांना म्हटले होते, "तुमचं शहर भलतंच शौकीन दिसतंय. एवढी वाइन पितात इथे?" जावई पुण्याचे, बोलणे जरा तिरकस. म्हणाले, "आई, त्या दुकानात सगळं मिळतं. फक्त वाइन तेवढी शोधावी लागते."

गंमत सोडा, पण त्या एका वाक्यात आपल्या सगळ्यांचा गोंधळ आला आहे. आपल्याकडे बाटली म्हटली की ती बाटलीच. त्यात ४२ टक्क्यांची व्हिस्की आहे की १२-१३ टक्क्यांचा आंबवलेला द्राक्षरस, हे कोण बघतो? सोलापूर, अक्कलकोट, इंडी, विजापूर हा आपला सगळा पट्टा द्राक्षांचा. बेदाण्याचे दर आपल्याला तोंडपाठ असतात. पण त्याच द्राक्षाची वाइन म्हटली की आपण पदर सावरून बसतो. मीही त्यातलीच. आणि आमच्या घरी तर हा शब्द निघायचीच सोय नव्हती. त्याचे कारण पुढे सांगते.

गेल्या कार्तिकात आम्ही दोघे हुसेनसागर एक्स्प्रेसने हैदराबादला निघालो. बरोबर नेहमीची शिदोरी होती. शेंगाचटणीचा डबा, कडक भाकरीची चळत, आणि माझ्या माहेरची, म्हणजे इंडीकडची, गुरेळ्ळू चटणी. (कारळ्याची हो! सोलापुरात येऊन पस्तीस वर्षे झाली, तरी जिभेवर आधी कन्नडच येते.) लेकीचा फोन वाडी स्टेशनवर आला. "अव्वा, येत्या शनिवारी आमच्या मित्रमंडळींचं जेवण आमच्याकडे आहे. तुम्ही दोघांनी बसायचंच. पण एक आहे, आमच्यात वाइन असते. अप्पांना चालेल ना?"

मी खिडकीबाहेर तुरीची शेते बघत बसले. ह्यांना लगेच सांगायचा धीर झाला नाही.

या मंडळींचा रिवाज मला आवडला, म्हणून आधी तो सांगते. महिन्यातून एकदा कुणा एकाच्या घरी जमायचे. प्रत्येक घराने आपल्या गावचा एक पदार्थ आणायचा. बाटल्या मोजून चार. त्या चारही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या, म्हणजे नाव आणि किंमत कुणालाच दिसू नये. आधी चाखायचे, बोलायचे आणि मग कागद काढायचा. प्रत्येकाला एका वाइनचे दोन-तीन घोट, साधारण ५० मिली. एका बाटलीत ७५० मिली असते. पिणारे सहा, म्हणजे तीनशे मिली संपते आणि निम्म्याहून अधिक बाटली उरते. ती बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस चांगली राहते. रिकाम्या पोटी कुणी पेल्याला हात लावायचा नाही. गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही. आणि जो पीत नाही, त्याला "थोडी तरी घे" असे म्हणणाऱ्याने सगळी भांडी घासायची!

हा शेवटचा दंड नेल्लोरकडच्या एका मुलीने घालून दिलेला आहे. तिची आई १९९२ सालच्या दारूविरोधी मोर्चात होती. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी तेव्हा आपल्या गावातली सारा बंद पाडली, आणि बघता बघता ते लोण सबंध आंध्रात पसरले. १९९५ मध्ये तिथे संपूर्ण दारूबंदी झाली. ती १९९७ मध्ये शिथिल झाली, तो भाग वेगळा. आपल्या भागातल्या बायकांनीही बाटली आडवी करण्यासाठी मतदानाच्या रांगा लावलेल्या आहेतच. ही मुलगी म्हणाली, "आई आजही माझ्यावर चिडते. मी तिला सांगते, तू ज्याच्याशी भांडलीस ते आमच्या टेबलावर येणार नाही, याची काळजी मी घेते." मला तिचे उत्तर पटले. पूर्ण पटले असे नाही, पण ऐकून घ्यावेसे वाटले.

शनिवारी संध्याकाळी एकेक जण येऊ लागले. नेल्लोरचे नवरा-बायको गोंगुरा पप्पू घेऊन आले. झाकण काढताच मी ओरडले, "अगंबाई, ही तर आमची पुंडी पल्ले!" अंबाडीची भाजी हो, फक्त डाळीत शिजवलेली. धारवाडची एक मुलगी एण्णेगायी घेऊन आली, म्हणजे आपली तेलातली भरली वांगी. जुन्या शहरातली लेकीची मैत्रीण बगारा बैंगन आणि खुबानी का मीठा घेऊन आली. ती वाइन पीत नाही. तिच्यासाठी ताज्या काळ्या द्राक्षांचे सरबत केले होते, आणि तेही तशाच उंच दांड्याच्या पेल्यात. वरच्या मजल्यावरचे मराठी गुरुजीही आले होते. त्यांचे सगळे आयुष्य काचीगुडा आणि सुलतान बाजार या भागात गेलेले. वय ऐंशीच्या पुढे. मटण दम बिर्याणी आणि मिरची का सालन बाहेरून मागवले होते.

ह्यांना मी दुपारीच सांगितले होते. काही बोलले नाहीत. "मी सरबत घेईन," एवढेच म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

आता चाखायची रीत. लेकीने मला शिकवली तशी तुम्हाला सांगते. पेला एक-तृतीयांशच भरायचा. का? तर तो हलवता यावा म्हणून. आधी पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा. मग पेला टेबलावरच गोल फिरवायचा आणि नाक आत घालून वास घ्यायचा. आपण आंब्याच्या देठाशी घेतो ना, अगदी तसा. मग छोटा घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा आणि गिळायचा. गिळायचा नसेल तर जवळच्या वाटीत टाकायचा, त्यात कमीपणा नाही. वाइन चाखणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, ती माणसे टाकूनच देतात.

पहिली बाटली आली. गारेगार पांढरी, किंचित गोडसर. मी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले, खोटे कशाला सांगू? आंबटच लागली. लेक म्हणाली, "अव्वा, आता भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून खा, आणि मग घे." तसे केले. काय सांगू वाचकहो, तोच घोट आता गोड लागला! चटणीतला तिखटाचा जाळ खाली बसला आणि शेंगदाण्याचा खमंगपणा मात्र वर आला. कागद काढला, तर नाशिककडची शेनिन ब्लाँ. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले. नाशिकला राजीव सामंतांनी सुला सुरू केली, त्यांच्या २००० सालच्या पहिल्या वाइनमध्ये एक हीच होती.

यातून मी पहिला धडा शिकले. तिखटाला किंचित गोड आणि गार वाइन लागते. आपल्या जेवणाला वाइन चालत नाही, हे म्हणणे खरे नाही. आपण कोणती घ्यायची तिथे चुकतो.

दुसरी बाटलीही पांढरीच होती, पण गोडवा अजिबात नाही. वास घेतला तर चक्क कापलेला पेरू! ही गोंगुराबरोबर आणि चिंचेच्या बगारा बैंगनबरोबर घ्यायची होती. इथला नियम सोपा आहे : पदार्थ जेवढा आंबट, वाइनही निदान तेवढी आंबट हवी. नाहीतर चिंचेपुढे ती पाणचट लागते. गोडाचेही तसेच. खुबानी का मीठा खाऊन कोरडी वाइन प्याल तर ती कडूच लागेल. ही बाटली होती सॉव्हिन्यॉन ब्लाँ, आणि नेल्लोरकर मंडळींनी कागद मोठ्या ऐटीत काढला. कारण ती निघाली ‘कृस्मा’ची. हैदराबादचे औषध-उद्योजक कृष्णप्रसाद चिगुरुपाटी आणि त्यांच्या पत्नी उमा यांना वाइनचा छंद. त्या छंदापायी त्यांनी हंपीच्या परिसरात द्राक्षबागच लावली. दोघांच्या नावांतली अक्षरे जोडून वाइनचे नाव ठेवले. म्हणजे आवड हैदराबादची आणि माती कर्नाटकातली. धारवाडची मुलगी लगेच म्हणाली, "मग मान आमचा!" त्यावरून थोडी खडाजंगीही झाली.

तिसरी लाल. कुणीतरी विमानतळावरून आणलेली, परदेशी, आणि चौघांत सगळ्यात महाग. पण ते आम्हाला नंतर कळले. ती मिरचीच्या सालनबरोबर घेतली आणि सगळ्यांनी एकदम पाण्याचे तांबे उचलले! जिभेवर आग आणि वर कडूपणा. कागद काढला, कॅबरने सॉव्हिन्यॉन. वाईट होती का? मुळीच नाही. पण या लाल वाइनमध्ये तुरटपणा फार असतो. इंग्रजीत त्याला टॅनिन म्हणतात. आपल्याला त्याची ओळख करून द्यायला नको, षड्रसांत तुरट आहेच. जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ कोरडी पडते, तेच ते. तुरटपणा आणि मद्य दोन्ही मिळून तिखटाचा जाळ वाढवतात. तीच वाइन मग बिर्याणीतल्या मटणाबरोबर, सालन बाजूला ठेवून घेतली, तर एकदम निवळली. मटणाची चरबी आणि प्रथिने तुरटपणा आवरतात. म्हणजे किंमत बघून वाइन निवडली तर फजिती, ताट बघून निवडली तर मजा.

आणखी एक. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असे सगळे सांगतात. पण ती रूम कुठली? युरोपातली थंड, सोळा-अठरा अंशांची! आपल्याकडची नव्हे. हैदराबाद-सोलापूरला लाल वाइनसुद्धा प्यायच्या आधी वीस मिनिटे तरी फ्रीजमध्ये ठेवावी. पांढरी आठ-दहा अंशांपर्यंत गार हवी.

या सगळ्यात वाढण्या-ओतण्याचा एक विनोद सारखा चालू होता. नेल्लोरच्या मुलीच्या पेल्यात ओतताना ती म्हणे, "चालु, चालु!" तेलुगूत याचा अर्थ ‘पुरे’. जावई हैदराबादेत नवीन असताना त्यांना वाटे ‘चालू ठेवा’, आणि ते बिचारे ओततच राहायचे! सोलापूरकराला हे शिकवावे लागत नाही. आपल्या गल्लीत साकु, चालु आणि पुरे, तिन्ही एकाच पंगतीत ऐकू येतात.

जेवता जेवता गुरुजींनी आठवण काढली. "आज हैदराबादेत द्राक्षं म्हटली की लोक तुमच्या नाशिक-सोलापूरकडे बघतात. आमच्या तरुणपणी द्राक्ष म्हणजे हैदराबादचं अनाबेशाही! शहराबाहेर पडलं की मांडवच्या मांडव. लांबट, मोठा, मधाच्या रंगाचा मणी. खाली वाकलेले घड." हे द्राक्ष १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी हैदराबादेत आणले असे सांगतात. तिथून ते दक्षिणेत पसरले. गुरुजी म्हणाले, "आता त्या मांडवांच्या जागी कॉलन्या झाल्या. राजेंद्रनगरला संशोधन केंद्र आहे, तिथे वाणांची आठवण राहिलीय."

"अनाबेशाहीचा," कोपऱ्यातून आवाज आला. "उतारा दांडगा. पण बियांचं असतं म्हणून मागं पडलं." हे बोलले होते! संध्याकाळपासूनचे पहिले वाक्य. मग त्यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण आमच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी कसे निवडून काढले, तासगावकडे वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ कसे दिले, ते सांगितले. पोरे कान देऊन ऐकत होती.

तेवढ्यात चौथी बाटली आली. तीही लाल. एण्णेगायीबरोबर घ्यायची ठरली होती. जावयांनी पेला ह्यांच्यापुढे धरला नाही, दंडाचे भय होते. पण ह्यांनीच हात पुढे केला. "बघू," म्हणाले. प्यायले नाहीत. उजेडात धरून रंग बघितला आणि वास घेतला, बराच वेळ.

"घड उशिरा तोडलेत," म्हणाले. "माल पिकलेला आहे."

कागद काढला. अकलूजची सँजोव्हेसे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली! माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन जोड्यांनी मिळून ती उभी केली. सँजोव्हेसे हे इटलीतल्या टस्कनीचे द्राक्ष. अंगचाच आंबटपणा असल्यामुळे ते तिथे टोमॅटोच्या जेवणाबरोबर चालते, आणि आपल्या भरल्या वांग्याबरोबरही छान जमले.

"अप्पा, तुम्ही कसं ओळखलंत?" जावयांनी विचारले. आणि मग पंधरा वर्षे आमच्या घरात जे कुणी बोलले नव्हते, ते हे बोलायला लागले.

२००१ साली महाराष्ट्र सरकारचे द्राक्ष-प्रक्रिया धोरण आले, तशा वायनऱ्या भराभर निघू लागल्या. आपल्या भागातही माणसे मोटारीने येऊन बागायतदारांशी करार करू लागली. आम्ही थॉमसन काढून दोन एकरांत शिराझ आणि कॅबरने लावली. बँकेचे कर्ज, तारा-अँगल, ठिबक, सगळे नव्याने केले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, हे जुनेच. पण बाकी सगळे उलटे शिकावे लागले. खायच्या द्राक्षात मणी फुगवायचा, इथे मणी लहान ठेवायचा. तिथे टनेज वाढवायचे, इथे घड कापून टाकून कमी करायचे. कारण रंग आणि तुरटपणा सगळा सालीत असतो. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच निघतो, हे मला तेव्हाच कळले. ब्रिक्स बावीस-तेवीसपर्यंत चढेस्तोवर वाट बघायची. ह्यांना त्या बागेचे वेड लागले होते. रोज पहाटे मणी चावून बघायचे, बिया तपकिरी झाल्या का ते पाहायचे.

२००८ चे पहिले पीक गेले, पैसे आले. मग २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. जगभर मंदी होतीच. हॉटेले ओस पडली, वाइन पडून राहिली. आमच्या कंपनीचा २००९ चा हप्ता अर्धाच आला. २०१० साली ट्रक येतो, येतो म्हणता आलाच नाही. फोन उचलायचे बंद झाले. थॉमसन असते तर बाजारात नेले असते, नाहीतर बेदाणा केला असता. पण वाइनच्या द्राक्षाला दुसरा बाजार नाही. लहान मणी, जाड साल, आत बिया. खायला कोण घेणार? घड वेलीवरच वाळले. मे महिन्यात जेसीबी लावून बाग काढली. आमच्यासारखे आणखीही होते. नाशिककडेही अनेकांनी वाइनच्या बागा तोडल्या. कर्ज आम्ही ऊस आणि ज्वारीवर फेडत बसलो. तेव्हापासून घरात तो शब्द बंद.

टेबल गप्प झाले. हे म्हणाले, "मला राग पैशाचा नव्हता. पैसे काय, फिटले. पण मी लावलेल्या द्राक्षाची वाइन कशी लागते ते मला कुणी दाखवलंच नाही. तीन वर्षं राबलो आणि चव माहीत नाही."

मला हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी समजत होते की ह्यांना वाइनची चीड आहे. जुन्या शहरातल्या त्या मुलीने, जी स्वतः पीत नाही, हळूच एण्णेगायीची वाटी ह्यांच्याकडे सरकवली. "अंकल, आधी खाऊन घ्या," म्हणाली. ह्यांनी वांग्याचा घास घेतला. मग पेल्यातले दोन घोट. डोळे मिटून. "शिराझ असती तर जरा जास्त काळीमिरीची लागली असती," म्हणाले. जावयांनी बाटली पुढे केली, तशी पेल्यावर हात ठेवला. "साकु."

वाचकहो, यावरून कुणी म्हणेल की आता या बाई वाइनचा प्रचार करू लागल्या. तसे नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या कौटुंबिक पानांतून ‘रोज एक पेला लाल वाइन हृदयाला चांगली’ असे सर्रास छापून येई. ते आता विसरा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे की, मद्याचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही. कर्करोगाचा धोका पहिल्या पेल्यापासून सुरू होतो. तेव्हा औषध म्हणून कुणी पीत असेल तर त्याने मनुका खाव्यात. गोळ्या-औषधे चालू असतील, दिवस गेलेले असतील, घरात व्यसनाचा इतिहास असेल, तर द्राक्षाचे सरबत उत्तम. ते त्या दिवशीही सगळ्यात आधी संपले!

मी एवढेच सांगते की, मुले मोठी झाली आहेत. ती हैदराबाद, बेंगळुरू, पुण्यात राहतात आणि त्यांच्या टेबलावर कधी कधी पेला असतो. आपण पदर सावरून खोलीत जाऊन बसलो तर तो पेला आपल्या पाठीमागे भरला जाईल. टेबलाशी बसलो तर ताटात काय आहे, कोण पीत नाही, पुरे कधी म्हणायचे, हे आपणही बोलू शकतो. चोरून आणि उभ्याने प्यायची ती दारू. सगळ्यांदेखत, ताटाशेजारी, दोन घोटांत थांबते तिला काय म्हणायचे, ते तुम्ही ठरवा. मला अजून शब्द सापडलेला नाही.

निघताना ह्यांनी सगळ्या मंडळींना शेताचे आवतण दिले. वेळ अमावस्येला या. (एळ्ळ अमावास्या, धारवाडच्या मुलीला वेगळे सांगावे लागले नाही.) कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी.

"आणि प्यायला?" जावयांनी डोळे मिचकावले.

"आंबील," हे म्हणाले. "तीही आंबवलेलीच. रंग बघा, फिरवा, वास घ्या. आणि ओळखून दाखवा, ज्वारी मंगळवेढ्याची आहे की हिच्या माहेरची, इंडीची."

मडके झाकून ठेवायचे काम माझ्याकडे आहे. आणि कुठल्या ज्वारीची करायची, तेही माझ्याच हातात आहे!